गन घ्या, पण आधी टॉर्क रेंच घ्या

🚜 *यंत्र सल्ला*



उन्हाळी मशागतीचे दिवस आहेत. रोटावेटरची पाती बदलायची, नांगराचे फाळ उलटायचे, ट्रॉलीची चाकं काढायची, ही कामं घरोघरी निघाली आहेत. त्यासाठी बॅटरीवरची इम्पॅक्ट रेंच, म्हणजे आपण जिला नुसतं 'गन' म्हणतो, ती घ्यावी का, असं सभासद विचारतात.

आमचं मत सरळ आहे. *गन सोडवायला, हात आवळायला.* गन जरूर घ्या. पण खिशात एकाच वस्तूपुरते पैसे असतील तर आधी टॉर्क रेंच घ्या. जाम नट टॉमीला पाइप लावूनही सुटतो, फार तर वेळ जातो. पण नट किती आवळला गेला हे सांगणारं दुसरं साधन शेडमध्ये नसतं, आणि तिथली चूक यंत्राला किंवा माणसाला भोवते.

*गन काम कशी करते?*
गनच्या आत एक हातोडा गोल फिरतो आणि पुढच्या चौकोनी दांड्याला सेकंदाला अनेक ठोके मारतो. सगळा जोर ठोक्यात असल्यामुळे आपल्या मनगटाला हिसका कमी बसतो. गंजलेला नट अशा ठोक्यांनी लवकर हलतो. 36 पात्यांच्या रोटावेटरला पात्याला दोन धरले तर 72 बोल्ट होतात. ते पान्याने सोडवताना अर्धा दिवस आणि दोन्ही खांदे जातात. इथे गनचे पैसे वसूल होतात, यात वाद नाही.

*मग आवळायला का नको?*
बोल्ट हा ताठ स्प्रिंगसारखा असतो. आवळला की तो किंचित ताणला जातो आणि त्या ताणामुळेच पकड राहते. मर्यादेबाहेर ताणला की तो परत मूळ लांबीवर येत नाही. वरून घट्ट दिसतो, पण पकड गेलेली असते. पुढे कामात तो ढिला पडतो किंवा तुटतो.

आता आकडे बघा. 12 मिमीच्या, डोक्यावर 8.8 लिहिलेल्या बोल्टला साधारण 80 ते 90 न्यूटन मीटर जोर पुरतो. बाजारातल्या अर्ध्या इंची गनवर 300, 500 किंवा त्याहून मोठा आकडा लिहिलेला असतो. ट्रिगर दोन सेकंद जास्त दाबला गेला की बोल्टचं काम झालंच म्हणून समजा. आटे तेलकट असतील तर तेवढ्याच जोरात बोल्ट आणखी जास्त ताणला जातो.

जोराचा अंदाज हवा असेल तर एवढं लक्षात ठेवा: एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला 10 किलोचा भार म्हणजे साधारण 100 न्यूटन मीटर. अर्धा मीटर दांडा असेल तर 20 किलो.

काही जण म्हणतील, पंक्चरवाला रोज हवेच्या गनने चाकं आवळतो, त्याचं काय बिघडतं? बिघडतं ते आपलं. रात्री भरलेल्या ट्रॉलीसकट रस्त्यावर चाक बसतं आणि टूलकिटमधल्या पान्याने नट जागचा हलत नाही. किंवा ताणलेला स्टड एके दिवशी तुटतो, मग उरलेल्या स्टडवर भार येतो. पंक्चरवाल्याला सांगा, 'दादा, शेवटचं आवळणं हाताने करा.' मागायला संकोच नको.

*आवळायची पद्धत*
1️⃣ आटे तारेच्या ब्रशने साफ करा. नट पहिले दोन-तीन आटे बोटांनीच चढवा. गनने सुरुवात केली आणि नट तिरका बसला तर आटे गेलेच.
2️⃣ गन सगळ्यात कमी वेगावर ठेवून नट फक्त टेकेपर्यंत आणा.
3️⃣ शेवटचं आवळणं टॉर्क रेंचने. आकडा यंत्राच्या मॅन्युअलमधला घ्या. 'टक्' आवाज आला की थांबा, पुन्हा ओढू नका.
4️⃣ चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने आवळा. दोन-चार तास काम झालं की पुन्हा तपासा. नव्या पात्यांचंही तसंच.
5️⃣ टॉर्क रेंचने कधीही नट सोडवू नका. काम झालं की तिचा आकडा सगळ्यात खाली आणून ठेवा.

*सोडवायची पद्धत*
जाम नटावर गंज सोडवणारं तेल मारून थोडा वेळ मुरू द्या. गोटी पूर्ण बसली आहे ना ते बघा, अर्धवट बसली तर नट गोल होतो. चार-पाच सेकंद ठोके द्या आणि थांबा. हलत नसेल तर किंचित आवळून पुन्हा सोडवा. लांब एक्स्टेंशन लावलं की ठोक्याचा जोर कमी होतो, शक्यतो गोटी थेट लावा.

गोटी काळी, जाड, इम्पॅक्टसाठी बनवलेलीच वापरा. चकचकीत साधी गोटी ठोक्यांनी तडकते आणि तिचा तुकडा डोळ्यात जाऊ शकतो. चष्मा घालाच.

🚫 इंजिनाच्या हेडचे बोल्ट, ऑइलचा ड्रेन प्लग, अॅल्युमिनियमच्या भागांचे बोल्ट, फवारणी पंपाची पितळी जोडणी आणि ड्रिप फिल्टरचे क्लॅम्प, इथे गन लावूच नका.

*जीव आधी*
⚠️ रोटावेटर नुसत्या हायड्रॉलिकवर उचलून खाली हात घालू नका. खाली भक्कम ठोकळे द्या, इंजिन बंद करा, चावी खिशात ठेवा, पीटीओ शाफ्ट काढा. रोटर फिरू नये म्हणून लाकडाचा ठोकळा अडकवा.
⚠️ चाकाचे नट चाक जमिनीवर असतानाच ढिले करा, मग जॅक लावा. जॅकवरच्या ट्रॅक्टरला गनचे धक्के देणं धोक्याचं.
⚠️ गमछा, पदर, सैल बाही, सुती हातमोजे फिरत्या गोटीत अडकतात. गोटी बदलताना बॅटरी काढा.

*खरेदी करताना*
लिथियम-आयनचा एक सेल साधारण 3.6 व्होल्टचा. पाच सेल म्हणजे 18 व्होल्ट. पूर्ण चार्ज झाल्यावर तेच 21 होतात. म्हणजे 18, 20 आणि 21 लिहिलेल्या बॅटऱ्या बहुतेक आतून सारख्याच असतात. लहानशा बॅटरीवर 88 किंवा 128 लिहिलेलं दिसलं तर हुरळून जाऊ नका. खऱ्या 128 व्होल्टला साधारण 36 सेल लागतील, ते एवढ्याशा डब्यात मावणार कुठे? जोराच्या आकड्यातही दोन प्रकार असतात: सोडवण्याचा मोठा, आवळण्याचा लहान. दुकानदाराला दोन्ही विचारा. ब्रश नसलेली मोटर असेल तर कार्बन बदलायची कटकट नाही. बॅटरी आणि सुटे भाग तालुक्याला मिळतात का, हेही आधी बघा.

*जपणूक*
🔋 मे महिन्याच्या उन्हात बॅटरी ट्रॅक्टरच्या बॉनेटवर ठेवू नका. कामानंतर गरम असेल तर आधी थंड होऊ द्या, मग चार्जिंगला लावा. कडबा, कापूस, डिझेल यांच्याजवळ चार्जिंग नको. हंगाम संपला की साधारण निम्म्या चार्जवर, सावलीत, कोरड्या जागी ठेवा. फुगलेली बॅटरी वापरू नका. संरक्षक सर्किटशिवाय सेल बदलून देणाऱ्याकडे स्वस्तात भरून घेऊ नका.
🧹 गन पाण्याने धुवू नका. हवेच्या जाळीतली धूळ मऊ ब्रशने काढा. ठोक्याचा आवाज बदलला किंवा पुढचा भाग जास्त तापू लागला तर आतलं ग्रीस तपासून घ्या.

शेवटचं. गन वर्षातून मोजके दिवस लागते. प्रत्येकाने वेगळी घेण्यापेक्षा पाच-सहा घरांनी मिळून एक चांगली गन, दोन बॅटऱ्या, काळ्या गोट्यांचा संच आणि एक टॉर्क रेंच घ्यावी, असं आम्हाला वाटतं. स्वस्तातल्या सहा गनपेक्षा हा एक संच जास्त टिकेल. मात्र संच कुणाकडे राहील आणि बॅटरी कोण चार्ज करेल, हे पहिल्याच दिवशी ठरवा. नाहीतर यंत्र चालेल, भाऊबंदकी पण चालेल.

तुमच्या गटात असा संच घ्यायचा विचार असेल तर या मेसेजला उत्तर म्हणून गावाचं नाव आणि घरांची संख्या पाठवा. वेगळं मत असेल तर तेही कळवा.

🙏 आपली शेतकरी उत्पादक कंपनी