खडी खिशात, पाप मातीआड!



रेल्वे-पोस्टाच्या वसाहतीत गटार तुंबले की ठपका सफाई कामगारावर! आमचा सवाल आहे : पाइपाखालचे बेडिंग कुणी खाल्ले? पाइप कसा टाकावा हे भारतीय मानक ७८३ (१९८५) सांगते. खडीच्या थरावर, बाजूंनी मध्यापर्यंत धुमसून बसवलेला काँक्रीट पाइप कारखान्यातील कसोटीच्या १.९ पट भार पेलतो; सपाट कडक तळावर नुसता ठेवलेला जेमतेम १.१ पट. ठेकेदार खडी वाचवतो, चर बुजवतो, बिल उचलतो. पाइप तडकतो आणि मैल्यात उतरतो कामगार! संरक्षक साधनांविना गटारात उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. आमची मागणी : युनियन प्रतिनिधींसमक्ष तपासणीशिवाय चर बुजवू नका, बिल देऊ नका!