गटात दोनशे माणसे, बोलणारा एकही नाही

यवतमाळ शहराला चिकटून असलेल्या लोहाऱ्याचे नाव निघाले की लोकांना एमआयडीसी आठवते. आम्हाला तिथला एक कार्यकर्ता आठवतो. पाळी संपवून घरी आला की वस्तीतल्या पोरांचा अभ्यास घेणारा हा माणूस परवा आमच्याकडे आला आणि त्याने मोबाईल पुढे केला. वस्तीच्या व्हॉट्सॲप गटावर भिक्षा मागणाऱ्या तिघांचा फोटो होता आणि खाली मजकूर : मुले पळवणारी टोळी आली आहे, सावध राहा, पुढे पाठवा. गट बाबासाहेबांच्या नावाचा, सभासद दोनशेच्या वर. तो म्हणाला, ‘‘खोटे आहे हे मला कळत होते. आणखी दहाजणांना तरी कळत असेल. पण कोणी बोलले नाही. मीही नाही. असे का होते?’’

या ‘पुढे पाठवा’ची किंमत महाराष्ट्राने मोजलेली आहे. १ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातले राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस. मंगळवेढा भागातून पोटासाठी तिकडे गेलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाचजणांना मुले पळवणारे समजून जमावाने ग्रामपंचायतीच्या कार्यालयात मारून टाकले. त्या काळात देशभर फिरलेल्या चित्रफितींपैकी एक तर कराचीत पालकांना सावध करण्यासाठी केलेली जाहिरात होती. शेवटी मूल परत आणून सोडतात, तेवढाच भाग कोणीतरी कापून टाकला होता. त्याच जुलैत व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. मर्यादा यंत्रावर आली. मनाचे काय?

अफवेचे मानसशास्त्र ज्या घटनेच्या अभ्यासातून पुढे आले, ती आपल्याच देशातली आहे. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये प्रचंड भूकंप झाला. जमुना प्रसाद या मानसशास्त्रज्ञाने त्यानंतर पसरलेल्या अफवा गोळा केल्या. जिथे हादरा बसला पण घरे पडली नाहीत, तिथेही याहून मोठे संकट येणार अशा अफवा फिरत होत्या. अमेरिकेच्या लिऑन फेस्टिंगर यांना हे कोडे वाटले. माणूस स्वतःला दिलासा देणाऱ्या गोष्टी पसरवील. भीती वाढवणाऱ्या का पसरवील? त्यांनी काढलेले उत्तर १९५७ च्या त्यांच्या ग्रंथात आहे : भीती आधी येते, तिला साजेसे कारण मन नंतर शोधते. म्हणजे बातमी ऐकून माणूस घाबरतो असे नाही, घाबरलेला माणूस बातमी तयार करतो.

याच भूकंपाला गांधीजींनी अस्पृश्यतेच्या पापाची ईश्वराने दिलेली शिक्षा म्हटले होते आणि रवींद्रनाथांनी त्याला जाहीर विरोध केला होता. अस्पृश्यतेविरुद्ध आहे म्हणून ते वाक्य आपल्याला गोड लागू शकते. पण मग मेलेल्यांत अस्पृश्य नव्हते काय? आपल्या सोयीचे असत्यही असत्यच असते. बाबासाहेबांच्या नावावर त्यांनी कधीही न उच्चारलेली वाक्ये खपवणाऱ्या आपल्या बंधूंना हे सांगायची वेळ आली आहे.

भीतीला कारण हवे असते, तसा चेहराही हवा असतो. तो कोणाचा, हे गर्दीने त्या दिवशी ठरवलेले नसते. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. कायदा १९५२ साली गेला, शिक्का गेला नाही. गावात घर नसलेला, झोळी घेतलेला माणूस दिसला की नजर बदलते. तो कोणत्या जमातीचा, हे विचारण्याची तसदी कोणी घेत नाही. अफवेने इतरांचाही घास घेतला आहे. पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे १६ एप्रिल २०२० रोजी मोटारीतून जाणारे दोन साधू आणि त्यांचा चालक असेच मारले गेले. पण भटक्यांसाठी हा धोका रोजचा, प्रत्येक नव्या गावाच्या वेशीवरचा आहे. आणि राईनपाडा हा आदिवासींचा पाडा होता, हे आम्ही लपवणार नाही. गावकुसाबाहेरच्यांनी गावकुसाबाहेरच्यांना मारले. मनुवादाने दिलेला चष्मा फक्त सवर्णांच्याच डोळ्यांवर आहे, या भ्रमात राहण्याची चैन चळवळीला परवडणारी नाही. जात विटांच्या भिंतीसारखी पाडता येत नाही, ती मनात असते, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच लाहोरच्या न झालेल्या भाषणात मांडून ठेवले आहे.

आता लोहाऱ्याच्या त्या मौनाकडे वळू. १९६८ साली डार्ली आणि लताने या दोन संशोधकांनी न्यूयॉर्कच्या विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. शेजारच्या खोलीतल्या मुलाला झटका आल्याचा आवाज ऐकवला. ऐकणारा आपण एकटेच, असे ज्यांना वाटत होते त्यांच्यापैकी शेकडा ८५ जण झटका सुरू असतानाच मदतीसाठी उठले. आणखी चौघे ऐकत आहेत असे ज्यांना वाटले, त्यांच्यातले फक्त ३१. ते निर्दय नव्हते. दुसरा कोणी उठेल, अशी प्रत्येकाची समजूत होती. चौघांमुळे एवढी घसरण होत असेल तर दोनशेंच्या गटात काय होईल? शिवाय प्रत्येकजण दुसऱ्याचे मौन पाहतो आणि समजतो की सगळ्यांना हे मान्य आहे.

यावर कोणी म्हणेल, मग दोष गर्दीच्या मनाचा, माणसाचा नव्हे. नाही! त्या प्रयोगात शेकडा ३१ जण उठलेच होते. केसपुत्ताच्या काळामांना तथागतांनी सांगितले ते हेच की ऐकीव आहे, परंपरेने आले आहे, एवढ्यावरून काही स्वीकारू नका, स्वतः तपासा. विहारात दर रविवारी वंदना होते. वंदनेनंतर दहा मिनिटे आठवड्यात फिरलेला एखादा संदेश सगळ्यांसमोर ठेवून तो कुठून आला, कोणी पाठवला, खरा की खोटा याची चर्चा का होऊ नये? त्याला ना निधी लागतो, ना पुढारी.

आमच्या मित्राने त्याच रात्री गटावर दोन ओळी लिहिल्या : ‘हा फोटो कुठला आहे? पाठवणाऱ्याने सांगावे, नाहीतर काढून टाकावा.’ दोघे गट सोडून गेले. एकाने विचारले, तू त्यांचा कोण? अकरा जणांनी लिहिले, आम्हालाही हेच विचारायचे होते.