पाहिलेलें आणि केलेलें

दूरचित्रवाणीवरील शोधक कार्यक्रमांनीं समाज जागा होतो, असें नेहमीं म्हटलें जातें. तें खोटें नाहीं. परंतु जाग आली म्हणजे मनुष्य उठून कामास लागतोच असें नाहीं. कूस बदलून पुन्हां निजणारेहि पुष्कळ असतात. या दोहोंतील अंतर आपण शेतकऱ्यांनीं स्वतःच्याच बाबतींत पाहिलें आहे.

सन २०१२ च्या मे महिन्यापासून श्री. आमिर खान यांचा ‘सत्यमेव जयते’ हा कार्यक्रम दर रविवारीं सकाळीं दूरदर्शनवरूनहि दाखविला गेला. त्याच्या पहिल्या १३ भागांपैकीं दोन भागांचा आपल्या धंद्याशीं थेट संबंध होता. २४ जूनचा भाग अन्नांत उतरणाऱ्या कीटकनाशकांविषयीं, तर २२ जुलैचा पाण्याविषयीं होता. दाखविणारे तेच व पाहणारेहि तेच. मग दोहोंचें फळ सारखें कां आलें नाहीं?

पाण्याच्या बाबतींत याच मंडळींनीं २०१६ सालीं ‘पाणी फाउंडेशन’ स्थापून ‘वॉटर कप’ ही गांवागांवांची स्पर्धा सुरू केली. पहिल्या वर्षीं वरूड, अंबाजोगाई व कोरेगांव हे तीनच तालुके होते. उतार कसा मोजावा, समतल चर कोठें खणावे, माथ्यापासून पायथ्याकडे काम कसें न्यावें, हें गांवच्या निवडक स्त्रीपुरुषांस आधीं शिकविलें. मग भर उन्हाळ्यांत श्रमदान झालें. कोरेगांव तालुक्यांतील वेळू गांवानें पहिलें बक्षीस मिळविलें. २०१७ सालीं तालुके ३० झाले आणि २०१८ सालीं ७५.

विषाच्या बाबतींत काय झालें? कार्यक्रमास पांच वर्षें लोटल्यावर, २०१७ च्या पावसाळ्यांत, यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन २० हून अधिक माणसें दगावलीं. शेंकडों रुग्णालयांत पडलीं. त्यांत रोजानें फवारणारे मजूर बरेच होते. आमच्या मतें कारण उघड आहे. कार्यक्रमानें खाणारा सावध केला. फवारणाऱ्याच्या हातीं मात्र कांहींच पडलें नाहीं. पाण्यासाठीं शिकविणारा गांवीं आला, दिवस ठरला, शेजारच्या गांवाशीं चुरस लागली. विषासाठीं यांपैकीं कांहीं घडलें नाहीं.

असे कार्यक्रम शेतकऱ्यास बदनाम करतात, अशी तक्रार कांहीं बंधु करतात. ग्राहकाच्या भीतीचा भार आपल्यावर पडतो, हें खरें. परंतु पंप ज्याच्या पाठीवर असतो तो आपलाच गडी किंवा आपलाच मुलगा असतो. त्याची काळजी घेणें ही बदनामी नव्हे.

ज्याचें शेत, त्याची जबाबदारी. डब्यावरील त्रिकोण लाल असेल तर तें औषध अति विषारी समजावें. दोनतीन औषधें मनास येईल तशीं मिसळूं नयेत. वाऱ्याच्या विरुद्ध फवारूं नये. मजुरास हातमोजे व तोंडावरचें आवरण मजुरीबरोबरच द्यावें. एकट्यास हा खर्च जड वाटत असेल तर संघाच्या प्रत्येक शाखेनें सामाईक साहित्य ठेवावें आणि खरिपाच्या फवारणीपूर्वीं एक दिवस शेतांतच शिक्षण द्यावें. पडद्यावरच्या पुढच्या कार्यक्रमाची वाट पाहण्याचें कारण नाहीं. जें कळावयाचें तें आपणांस २०१२ सालींच कळलें आहे.