कॉफीची गाडी लावण्याआधी

कचेऱ्यांच्या बाहेर चहाच्या टपऱ्या दाटल्या आहेत, म्हणून आपल्या वस्तीतील काही भगिनी आता फिल्टर कॉफीची गाडी लावण्याच्या विचारात आहेत. भांडवल बचत गटाचे, म्हणजे वीस घरांच्या घामाचे. तेव्हा पावडर घाऊक घेताना काय पाहावे, हे पेन्सिल हातात घेऊनच बोलू. खालचे भाव हिशेब समजावा म्हणून धरले आहेत, बाजारात विचारून आपले आकडे घालावेत.

डबाबंद कंपनीच्या मालापेक्षा भाजून दळून देणाऱ्या दुकानाकडून घेणे बरे. मुंबईत माटुंग्याला दाक्षिणात्य वस्तीमुळे अशी जुनी दुकाने आहेत. तिथे समोर दळून मिळते आणि मिश्रण आपण सांगू तसे होते. पण मिश्रण म्हणजे काय ते आधी कळायला हवे. चिकोरी ही एका झाडाची मुळी, गुजरातेत पिकते. ती भाजून कॉफीत घालतात. तिने रंग गडद येतो, दाटपणा येतो, तरतरी मात्र येत नाही, कारण तिच्यात कॅफीन नाही. चिकोरी घालणे ही भेसळ नव्हे. मात्र कायद्याने अशा मिश्रणात कॉफी निदान 51 टक्के हवी आणि पाकिटावर दोन्हींचे प्रमाण छापलेले हवे.

आता समजा, शुद्ध कॉफी 800 रुपये किलो आणि चिकोरी 200. मग 80:20 मिश्रण 680 ला पडते आणि 60:40 मिश्रण 560 ला. दुकानदाराने 60:40 चे 650 सांगितले, तर वरचे 90 रुपये कशाचे, हे विचारायला लाजू नये. बिलावर प्रमाण लिहून घ्यावे. तोंडी 80:20 आणि डब्यात भलतेच, असे होऊ शकते. ग्लासभर थंड पाण्यावर चमचाभर पावडर भुरभुरावी. कॉफी तरंगते, चिकोरी लगेच तपकिरी रेघा सोडत बुडते. किती टक्के आहे ते यातून कळत नाही, पण दोन दुकानांचा माल शेजारी ठेवला की फरक डोळ्यांना दिसतो.

कोणी सांगेल, हिरवे बी स्वस्तात आणा आणि भाजून घ्या. भाजताना वजन शेकडा 15 ते 20 घटते. 500 रुपयांचे किलोभर बी भाजून 800 ग्रॅम उरले, तर भाव 625 झाला, वर भाजणावळ आणि दळणावळ वेगळी. नव्या माणसाने त्या फंदात पडू नये.

खरा मोह पुढे आहे. ‘पंचवीस किलो एकदम घ्या, किलोमागे 10 रुपये सोडतो.’ म्हणजे 250 रुपये वाचले! एका कपाला 10 ग्रॅम धरा, किलोत शंभर कप. दिवसाला 80-85 कप खपले, तर सहा दिवसांच्या आठवड्याला पाच किलो लागते आणि 25 किलो पाच आठवडे पुरते. गटाचे व्याज महिना शेकडा 2. माल हळूहळू संपतो असे धरूनही जादा अडकलेल्या पैशावर व्याज दीडशेच्या वर जाते. हाती शंभरही राहत नाहीत. त्यासाठी गिऱ्हाइकाला महिन्याची शिळी कॉफी पाजायची? दळलेल्या कॉफीचा वास आठवड्या-दोन आठवड्यांत उतरू लागतो, पावसाळ्यात दमट हवेने आणखी लवकर. दर आठवड्याला पाच किलो घ्यावे, घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवावे. माझे तर मत असे की पहिले दोन महिने उधारीही नको. उधारी असली की शिळा माल परत करायला तोंड उघडत नाही.

‘मशीन फुकट देतो’ म्हणणाऱ्याकडे दरमहा किती माल घेण्याची सक्ती आहे, ते करारात वाचल्याशिवाय सही करू नये.

कपाचा हिशेब असा: पावडर 6 रुपये 80 पैसे, दूध 100 मिली, लिटर 60 ने धरले तर 6 रुपये. साखर, गॅस, कागदी कप आणि उभे राहणाऱ्या बाईची मजुरी हे सारे त्यावर. मजुरी बहुतेक जणी मांडतच नाहीत. आणि दुकानात सांगताना ‘फिल्टरसाठी’ असे आवर्जून सांगावे, फार बारीक दळण फिल्टरच्या भोकांत अडकून बसते.