कर्ता कोठे गेला?

रात्री दहानंतर वृत्तपत्राच्या कचेरीत परदेशच्या बातम्यांचा जो ओघ सुरू होतो, तो जवळजवळ सर्वस्वी इंग्रजीतून येतो. खार्टूम असो, मंडाले असो वा दमास्कस असो, तेथील माणसे आपापल्या भाषेत रडतात. परंतु त्यांचे रडे आपणांपर्यंत पोहोचते ते इंग्रजी शब्दांच्या गाळणीतून. उपसंपादकाच्या हाती वेळ थोडा असतो. तो शब्दास प्रतिशब्द ठेवीत जातो, आणि सकाळी वाचकाच्या चहाच्या पेल्याशेजारी जो मजकूर येऊन पडतो, त्यात परक्या सरकारच्या कचेरीत बेतलेले शब्द मराठी पोशाख घालून बसलेले असतात. हे रोज घडते. आमच्याही कचेरीत घडते.

या व्यवसायात येण्यापूर्वी काही वर्षे आम्ही शाळेत इंग्रजी शिकवीत असू. कर्तरी वाक्याचे कर्मणी वाक्य करणे हा त्या वेळच्या अभ्यासक्रमातला हुकमी प्रश्न. ‘रामाने रावणास मारले’ याचे ‘रावण मारला गेला’ असे करून दाखवावयाचे आणि वर मुलांस सांगावयाचे की, कर्ता ठाऊक नसेल किंवा महत्त्वाचा नसेल, तर तो गाळला तरी चालतो. एका मुलाने विचारले होते, “सर, महत्त्वाचा नाही हे कोणी ठरवावयाचे?” आम्ही त्यास खाली बसविले, कारण तास संपत आला होता. त्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस पुढे तारांच्या मजकुरात सापडले. कर्ता महत्त्वाचा नाही, हे बहुधा कर्ताच ठरवितो.

केनयातील होला येथील छावणीचे उदाहरण घ्या. १९५९ च्या मार्च महिन्यात तेथे अकरा स्थानबद्धांस पहारेकऱ्यांनी काठ्यांनी बडवून ठार केले. सरकारी निवेदन निघाले ते असे की, गाडीवरच्या टाकीतले पाणी प्यायल्यानंतर हे लोक मरण पावले. या निवेदनात धादांत खोटे असे विधान कदाचित एकही नसेल. ते पाणी प्यायले असतील आणि त्यानंतर मरण पावलेही असतील. शवपरीक्षेत माराच्या खुणा निघाल्या तेव्हा पाण्याची कथा कोसळली, आणि त्याच वर्षीच्या जुलैत ब्रिटिश पार्लमेंटात सरकारला रात्री उशिरापर्यंत उत्तरे देत बसावे लागले. परंतु त्या छावण्यांचा एकूण कारभार ज्या शब्दांत चालला होता, ते शब्द पाहण्यासारखे आहेत. माणसास पकडून त्याच्याकडून कबुली काढणे म्हणजे ‘स्क्रीनिंग’, अर्थात चाळणी. त्यास कोंडून कामास जुंपणे म्हणजे ‘रिहॅबिलिटेशन’, अर्थात पुनर्वसन. एका छावणीतून दुसरीत ढकलीत नेण्याची जी व्यवस्था, ती ‘पाइपलाइन’. आणि १९५२ ते १९६० पर्यंत चाललेल्या या सर्व प्रकारास युद्ध म्हणावयाचे नाही, ती ‘इमर्जन्सी’. मलायात १९४८ पासून बारा वर्षे चाललेली लढाईही इमर्जन्सीच. तेथे सुमारे पाच लक्ष माणसे घरांतून उठवून तारेच्या कुंपणांत वसविली गेली आणि त्या वस्त्यांस ‘नवी गावे’ असे प्रसन्न नाव देण्यात आले. केनयातील छळाबद्दल ब्रिटिश सरकारने खेद व्यक्त केला तो २०१३ साली, आणि ५,२२८ जणांस मिळून सुमारे दोन कोटी पौंडांची भरपाई देऊ केली. शब्दांची पुटे खरवडून काढावयास अर्धशतक लागले.

या शब्दास आपणही परके नाही. ‘आणीबाणीची वेळ’ हा मराठीतला जुना, घरगुती प्रयोग. दुखणे, कर्ज, पूर अशा कोणत्याही पेचास लागू पडणारा. १९७५ च्या जून महिन्यानंतर तो घरगुती राहिला नाही. आज ‘आणीबाणी’ म्हटले की मराठी माणसास एकवीस महिने, वृत्तपत्रांवरची नियंत्रणे आणि विनाचौकशी तुरुंग आठवतात. सरकारने शब्द सौम्य म्हणून निवडला होता. लोकांनी त्याचा अर्थ अनुभवाने भरला. सौम्य शब्दाचा असा सूड भाषा कधीकधी घेते, पण तिला वेळ लागतो.

‘पोलीस कारवाई’ या शब्दाचा प्रवास तर आमच्या दारावरून गेलेला आहे. १९४७ च्या जुलैत डच सरकारने इंडोनेशियन प्रजासत्ताकावर सैन्य घातले आणि त्यास ‘पोलीस कारवाई’ हे नाव दिले. भारताने ऑस्ट्रेलियाबरोबर हा प्रश्न सुरक्षा समितीपुढे नेला. पुढल्याच वर्षी, १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत, मेजर जनरल चौधरी यांच्या नेतृत्वाखाली भारतीय सैन्य रणगाड्यांसह हैदराबाद संस्थानात शिरले, आणि आपणही तोच शब्द उचलला. दोन्ही प्रसंग एका तागडीत तोलावेत असे आम्ही मुळीच म्हणत नाही. रझाकारांच्या अत्याचारांखाली भरडलेल्या मराठवाड्याला सतरा सप्टेंबर हा मुक्तीचा दिवस वाटला, आजही वाटतो, आणि तो तसा वाटणे योग्यच आहे. पण ‘पोलीस कारवाई’ या शब्दाने दोन गोष्टी एकदम झाकल्या. मराठवाड्याच्या स्वातंत्र्यसैनिकांनी दिलेला लढा झाकला गेला, म्हणून तेथील लोकांस ‘मुक्तिसंग्राम’ या शब्दासाठी स्वतंत्र झगडावे लागले. आणि कारवाईनंतरच्या दिवसांत निरपराध मुसलमान नागरिकांची जी कत्तल झाली तीही झाकली गेली. भारत सरकारनेच पाठविलेल्या सुंदरलाल समितीने मृतांची संख्या अत्यंत सावध अंदाजाने सत्तावीस ते चाळीस हजार धरली होती. तो अहवाल कित्येक दशके प्रसिद्ध झाला नाही. पोलिसांनी कारवाई केली एवढेच म्हटल्यावर पुढे विचारण्यासारखे उरते काय? शब्दाचे काम तेवढ्यावरच संपले नाही. १९५० च्या जूनमध्ये अमेरिका कोरियाच्या युद्धात उतरली, तेव्हा अध्यक्ष ट्रूमन यांनी एका पत्रकाराने पुढे केलेला हाच शब्द मान्य केला. त्या पोलीस कारवाईत अमेरिकेचीच सुमारे छत्तीस हजार माणसे गेली. कोरियन आणि चिनी लोकांची गणती लाखांत आहे.

‘सिव्हिल वॉर’ या शब्दाचे भाषांतर आमच्या एका विद्यार्थ्याने ‘सभ्य युद्ध’ असे केले होते. वर्ग हसला. परंतु त्या मुलाची चूक अगदीच टाकाऊ नव्हती. ‘सिव्हिल’ म्हणजे नागरिकाचे, आणि नागरिकास शोभेल असे ते सभ्य. रोमन लोकांनी हे नाव ठेवले तेव्हा त्यांच्या मनात लज्जा होती: युद्ध परक्याशी करावयाचे, नागरिकाशी नव्हे. मराठीने यासाठी जो शब्द घडविला तो आमच्या मते अधिक सरस आहे. ‘यादवी’ म्हणताक्षणीच प्रभासक्षेत्र डोळ्यांपुढे उभे राहते, एरका गवताची पाती उपटून एकमेकांस मारणारे एकाच कुळातले पुरुष दिसतात, आणि ज्याने एवढे भारतीय युद्ध निभावून नेले त्या श्रीकृष्णासही ते थांबविता आले नाही हे आठवते. अलीकडे हिंदीच्या वळणाने ‘गृहयुद्ध’ रूढ होत आहे. त्यास आमची हरकत नाही. पण घरात यादवी असता शेजारचे उसने कशाला आणावे?

या नावाच्या पायी राजकारण मात्र मोठे चालते. कोणतेही सरकार आपल्या देशात यादवी चालू आहे हे सुखासुखी कबूल करीत नाही. कबूल केले की समोरचा ‘बंडखोर’ न राहता ‘पक्ष’ होतो. अमेरिकेत १८६१ ते ६५ च्या युद्धाची सरकारी कागदपत्रे प्रसिद्ध झाली ती ‘बंडाचे युद्ध’ या मथळ्याखाली; दक्षिणेतील लोक त्यास पुढे ‘राज्याराज्यांमधील युद्ध’ म्हणू लागले. जिनिव्हाच्या १९४९ च्या करारांत तिसऱ्या कलमाने अशा लढायांतही जखमी व कैदी यांस किमान संरक्षण दिले, आणि त्यायोगे कोणत्याही पक्षाचा कायदेशीर दर्जा बदलणार नाही अशी पुस्तीही त्यातच जोडली. कारण त्यावाचून सरकारे सह्या करावयास कचरली असती. २०१२ च्या जुलैत रेड क्रॉसने सीरियातील संघर्ष हा देशांतर्गत सशस्त्र संघर्ष, म्हणजे यादवी, असल्याचे जाहीर केले. त्या दिवशी तेथे एकही तोफ थंडावली नाही. परंतु युद्धगुन्ह्यांचा कायदा सर्व देशभर लागू झाला तो या नामकरणामुळे.

नाव न ठेवण्यातही हित असते. २०१३ च्या जुलैत इजिप्तच्या लष्कराने निवडून आलेल्या अध्यक्षांस पदच्युत करून अटकेत ठेवले. यास ‘कू’, म्हणजे लष्करी उठाव, म्हणावयाचे की नाही? अमेरिकेच्या कायद्यानुसार म्हटले तर मदत थांबवावी लागते, आणि इजिप्तला दरसाल जाणारी लष्करी मदत होती सुमारे एकशेतीस कोटी डॉलर. वॉशिंग्टनने अपूर्व तोडगा काढला: उठाव झाला की नाही हे ठरविणे आपल्यावर बंधनकारकच नाही! म्यानमारमध्ये २०२१ च्या फेब्रुवारीत याच्या उलट बाजूचे दर्शन घडले. तेथील लष्करशहांनी वृत्तपत्रांस बजावले की ‘उठाव’ आणि ‘जुंटा’ हे शब्द छापाल तर परवाने जातील. बंदुका हाती असलेल्यांस दोन शब्दांचे एवढे भय वाटावे, यावरून शब्दांचे वजन कळते.

या सर्वांत अधिक वेदनादायक प्रकार रुआंडाचा. ‘जेनोसाइड’ हा शब्द राफाएल लेमकिन या पोलिश ज्यू कायदेपंडिताने १९४४ साली ग्रीक आणि लॅटिन तुकडे जोडून घडविला, आणि डिसेंबर १९४८ मध्ये त्यावर आंतरराष्ट्रीय करार झाला. वंशसंहार रोखण्याचे कर्तव्य त्या कराराने सह्या करणाऱ्यांवर घातले. १९९४ च्या एप्रिलपासून शंभर दिवसांत रुआंडात सुमारे आठ लक्ष माणसे कापली जात असता अमेरिकन प्रवक्त्या ‘वंशसंहाराची कृत्ये’ घडली असे म्हणत, ‘वंशसंहार’ म्हणत नसत. अशी किती कृत्ये झाली म्हणजे एक वंशसंहार होतो, असे एका वार्ताहराने अखेर विचारले. उत्तर मिळाले नाही. याच ठिकाणी आम्हां मराठी पत्रकारांचाही एक दोष सांगितला पाहिजे. कोठेही पाचपंचवीस माणसे मारली गेली की आम्ही ‘नरसंहार’ असा मथळा देतो आणि ‘हत्याकांड’ व ‘वंशसंहार’ यांतील भेद पुसून टाकतो. शब्द वाटेल तेथे उधळला की खऱ्या प्रसंगी त्याची धार राहत नाही.

छळाची कथाही अशीच. उत्तर आयर्लंडमध्ये १९७१ साली स्थानबद्धांच्या डोक्यांवर पिशव्या चढवून, त्यांस भिंतीशी उभे ठेवून, झोप आणि अन्न तोडून जी चौकशी झाली तिचे नाव ‘पाच पद्धती’. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने १९७८ मध्ये ती अमानुष व मानहानीकारक ठरविली, परंतु ‘टॉर्चर’ म्हणावयाचे नाकारले. त्या एका नकाराचा आधार २००२ साली अमेरिकन सरकारी वकिलांनी आपल्या टिपणात घेतला, आणि माणसास पाण्याने गुदमरविण्याच्या प्रकारास ‘वाढीव चौकशी’ हे नाव रूढ झाले. न्यूयॉर्क टाइम्ससारख्या बलाढ्य पत्राने या प्रकारास सरसकट छळ म्हणण्याचा निर्णय जाहीर केला तो २०१४ च्या ऑगस्टमध्ये.

येथे कोणी म्हणेल, वृत्तपत्राने न्यायाधीश व्हावे काय? मुळीच नाही. सरकारच्या गुळगुळीत शब्दांऐवजी बंडखोरांचे तिखट शब्द वापरणे हा काही उपाय नव्हे. ‘दहशतवादी’ हा शब्द वाटेल त्या विरोधकास चिकटविता येतो, तसाच ‘फॅसिस्ट’ हाही वाटेल त्या सत्ताधाऱ्यास. शिवाय शब्दांची कुळीही बदलत असते. रोमचा ‘डिक्टेटर’ हा सहा महिन्यांच्या मुदतीचा कायदेशीर अधिकारी होता. सीझरने मुदत काढून टाकली आणि शब्द बाटला. तरीही १९३० च्या सविनय कायदेभंगात एकामागून एक तुरुंगात जाणाऱ्या काँग्रेसच्या पुढाऱ्यांस ‘डिक्टेटर’ म्हणण्यात कोणास संकोच वाटत नव्हता. आम्ही मागतो ते कडक शब्द नव्हेत, नेमके शब्द. कोणी, कोणास, कशाने, किती.

आणि हे मागताना प्रथम स्वतःच्या अंगणात पाहावयास हवे. ‘पोलिसांना सौम्य लाठीमार करावा लागला’ हे वाक्य मराठी वृत्तपत्रांत पिढ्यान्पिढ्या छापले जात आहे. सौम्य कोणास? डोके फुटलेल्यास विचारून हे विशेषण लावल्याचे ऐकिवात नाही. ‘करावा लागला’ या क्रियापदात तर पोलीसच परिस्थितीने गांजलेले दिसतात. ‘एन्काउंटर’ या इंग्रजी शब्दाचा एक अर्थ अवचित गाठ पडणे. आपण त्यास ‘चकमक’ म्हणतो, म्हणजे दोन्ही बाजूंनी ठिणग्या उडाल्या हे गृहीतच धरतो. १९९५ ते ९७ या काळात मुंबईत अशा ९९ चकमकींत सुमारे १३५ माणसे मेली. त्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ रोजी निकाल देऊन अशा प्रत्येक मृत्यूची स्वतंत्र चौकशी व्हावी असे नियम घालून दिले. चौकशी पूर्ण होईपर्यंत ती चकमक होती की नाही हे ठाऊक नसते, एवढे तरी आपण मथळा देताना लक्षात ठेवावयास नको काय?

या पत्रापुरते आम्ही ठरविले आहे की, ‘सौम्य लाठीमार’ यापुढे येथे छापला जाणार नाही. लाठीमार झाला तर लाठीमार, आणि जखमींची संख्या. ‘चकमक’ हा शब्द आला तर ती पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे, हे त्याच वाक्यात येईल. गोळी झाडणारा ठाऊक असेल, तर तो वाक्यात कर्त्याच्या जागी बसेल. वाचकांस आमची चूक दिसली तर त्यांनी पत्र लिहून कान धरावा.

राहता राहिला एक शब्द. अर्जेंटिनात १९७६ ते ८३ पर्यंत जी लष्करी राजवट होती, तिने आपल्या राजवटीस ‘राष्ट्रीय पुनर्रचनेची प्रक्रिया’ असे नाव दिले होते. त्या प्रक्रियेत हजारो माणसे घरांतून उचलली गेली आणि परत आली नाहीत. सरकारी चौकशी समितीने १९८४ मध्ये सुमारे नऊ हजारांची नोंद केली. मानवी हक्क संघटना तीस हजार म्हणतात. त्यांच्या आया ब्वेनोस आयरेसच्या चौकात पांढरे रुमाल बांधून फेऱ्या घालू लागल्या, तेव्हा इंग्रजीस या माणसांसाठी शब्द सापडेना. ‘डिसअपिअर’ हे क्रियापद अकर्मक. माणूस आपला आपण दिसेनासा होतो. अखेर स्पॅनिशच्या वळणाने इंग्रजीने आपले व्याकरण मोडले आणि ‘अमक्यास डिसअपिअर करण्यात आले’ असे ती म्हणू लागली. २००६ साली या गुन्ह्याविरुद्ध संयुक्त राष्ट्रांचा करार झाला. भारताने २००७ मध्ये त्यावर सही केली, अनुसमर्थन अद्याप केलेले नाही. मराठी वृत्तपत्रे अशा माणसांस ‘बेपत्ता’ म्हणतात, जणू ते जत्रेत चुकले. वस्तुतः आपल्या भाषेस व्याकरण मोडण्याची गरज नाही. ‘नाहीसा झाला’ आणि ‘नाहीसा केला’ हे दोन्ही प्रयोग आपल्या आज्यांच्या तोंडी होते, आणि दुसऱ्या प्रयोगात कर्ता विचारावाच लागतो.