घर आहे, पण आपलं नाही : 'बेघर' नक्की कोणाला म्हणायचं?

कट्टा : घरकुलाचा विषय निघाला की कट्टा परिसरात 'बेघर' हा शब्द दोन अर्थांनी फिरतो, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. गावच्या बोलण्यात भावकीच्या पडवीत दिवस काढणारं कुटुंबही बेघरच. "घर असा, पण आमचा नाय," एवढ्यात सगळं आलं. सरकारी कागदावर मात्र बेघर म्हणजे डोक्यावर छप्परच नसलेला.

2011 च्या जनगणनेत बेघरांची मोजणी 28 फेब्रुवारीच्या रात्री वेगळी झाली. रस्त्याकडेला, पुलाखाली, देवळाच्या मंडपात, फलाटावर झोपणारे त्यात आले. देशभरात सुमारे 17.7 लाख. पडवीतलं कुटुंब त्यात नाही.

त्याच सुमारास झालेल्या सामाजिक, आर्थिक व जात सर्वेक्षणावरून 2016 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण याद्या निघाल्या. बेघर आधी, मग कच्च्या भिंती आणि कच्चं छप्पर असलेली, दोन खोल्यांपर्यंतची घरं. कोकणची गोची इथे. हाताने केलेली नळीची कौलं कच्ची, पण कारखान्यातली मंगलोरी कौलं पक्की. म्हणजे मातीची भिंत पावसात कोसळायला आली तरी वर मंगलोरी कौल असलं की घर कच्च्यात बसत नाही.

यादीत नाव आलंच, तर पाया कुठे घालायचा? सातबारा सामायिक, नावं वीस-पंचवीस, निम्मे मुंबईत. संमतीसाठी फोन केला की उत्तर ठरलेलं, "गणपतीक इल्यावर बघूया." त्याच वाडीत चाकरमान्यांची घरं वर्षातले बहुतेक दिवस कुलपात. जागा नसलेल्या लाभार्थ्याला जागा खरेदीसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून 1 लाखापर्यंत मदत मिळते, पण सामायिक सातबाऱ्यावर नाव असलेला माणूस स्वतःला भूमिहीन तरी कसा म्हणणार? छप्पर आहे म्हणून बेघर नाही, गुंठाभर हिस्सा आहे म्हणून भूमिहीन नाही.

त्यात लाज आहेच. सर्वेक्षणवाला दारात आला की म्हातारी माणसं आधी सांगतात, "आमी काय बेघर नाय." गावात घराचं नाव हीच ओळख, ती कागदावर पुसून घ्यायला कोण तयार होईल?

आवास प्लस 2024 च्या सर्वेक्षणात राहत्या घराचा फोटोही मोबाइलवरून चढवायचा होता. पडवीतल्या कुटुंबाचा फोटो काढला, तरी त्यात दिसतं ते भावकीचं कौलारू घरच.