कापसाचा भाव आणि मनाचा आजार



कर्जाने खचलेल्या शेतकऱ्याला समुपदेशन द्या, असा सल्ला हल्ली शासकीय बैठकांतून ऐकू येतो. माझा त्याला विरोध नाही. ज्याची झोप उडाली, घास उतरत नाही, जो जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा बोलतो, त्याला आजच्या आज डॉक्टरकडे न्या. पण मनाचा आजार फक्त मनातच जन्मतो, हे मला मान्य नाही. अमेरिकेतल्या कापूसवाल्यांची हकिकत ऐका.

शंभर वर्षांपूर्वी तिथल्या दक्षिणेकडील कापूसपट्ट्यात पेलाग्रा नावाचा रोग माजला होता. हाताची, मानेची कातडी भाजल्यासारखी होई, हगवण लागे, झोप जाई, माणूस उदास होई आणि शेवटी भ्रमिष्ट. वेड्यांची इस्पितळे भरली. कोणी म्हणे जंतू, कोणी म्हणे या लोकांचे रक्तच हलके. १९१४ साली सरकारने जोसेफ गोल्डबर्गर या डॉक्टरला पाठवले. त्याने पाहिले, रोगी आजारी पण त्यांच्यात वावरणारे नोकर ठणठणीत. फरक ताटात होता. कुळांचे जेवण म्हणजे मक्याचे पीठ, डुकराची चरबी आणि काकवी. कापूस पार दारापर्यंत लावलेला, भाजीला जागा नाही, किराणा उधारीवर. १९१५ मध्ये मिसिसिपीच्या तुरुंगशेतीवर धडधाकट कैद्यांना शिक्षामाफीच्या बोलीवर असलेच जेवण दिले. अकरापैकी सहांना रोगाची लक्षणे दिसली. उणीव नायसिन या जीवनसत्त्वाची होती, हे १९३७ मध्ये समजले.

गोल्डबर्गरचा जोडीदार सिडनस्ट्रिकर अर्थशास्त्री होता. दोघांनी गिरणीगावांत घरोघर हिशेब मांडला. मिळकत कमी तिथे रोग जास्त. १९२० मध्ये कापसाचा भाव कोसळला, तेव्हा रोग वाढणार असा इशारा निघाला. तिथले पुढारी चिडले. कशावर? भागाची बदनामी होते म्हणून! ओळखीचे वाटते ना?

आपल्याकडेही १९६० मध्ये हैदराबादच्या संशोधकांनी ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांतल्या पेलाग्राची नोंद केली. ज्वारीला दोष देऊ नका. ज्वारीसोबत डाळ, दूध, शेंगदाणे असले की ती उत्तम.

आज पेलाग्रा क्वचित दिसतो. पण २०१९–२१ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या ५४ टक्के स्त्रियांत रक्त कमी आढळले. रक्त कमी असले की थकवा येतो, चिडचिड होते, कशात जीव लागत नाही. घरचे म्हणतात, बाई आळशी झाली. निंदणाला दिवसभर वाकून रात्री सगळ्यांच्या मागून, उरलेले खाणारी ती आळशी!

यात माझाही वाटा आहे. कृषी पदवीधर म्हणून मी बांधावर उभा राहून सलग कापसाची शिफारस केली. ओळीतली तूर, मूग, बरबटी, अंबाडी ही मला ‘अडथळा’ वाटे. हेक्टरी क्विंटल मोजले, ताट मोजले नाही. तूर गेली आणि डाळ दुकानातून पावशेरावर आली.

ऑस्ट्रेलियात २०१७ मध्ये ६७ उदास रुग्णांवरील प्रयोग प्रसिद्ध झाला. डाळी, भाज्या, मासे, फळे असा आहार ठेवलेल्यांपैकी सुमारे ३२ टक्के बारा आठवड्यांत बरे झाले, नुसत्या गप्पांची सोबत मिळालेल्यांपैकी ८ टक्के. प्रयोग लहान आहे, त्यावर फार बांधू नये. आणि गोळ्यांचे दुकान कोणी मांडले तर सावध राहा. युरोपात २०१९ च्या मोठ्या चाचणीत पूरक गोळ्यांनी नैराश्य टळले नाही.

गावप्रमुखांनी पुढच्या बैठकीला येताना कर्जाच्या आकड्यासोबत एवढे विचारून यावे: घरातल्या बाईने काल रात्री काय खाल्ले, आणि किती जणांनंतर?